वैपिन : आधी समुद्र पाहावा, मग उतरावे

उन्हाळ्याची सुटी लागली की घरोघरी एकच प्रश्न असतो, यंदा कुठे जायचे? आमच्या नागपूरच्या घरात या वेळी मुलांनी समुद्राचा हट्ट धरला होता. सासूबाई मूळच्या गुहागरच्या. लग्न होऊन विदर्भात आल्या, तरी त्यांच्या बोलण्यातला समुद्र काही आटला नाही. नातवंडांना मात्र तो नीट भेटलाच नव्हता. गोव्याला सगळेच जातात, असे ह्यांचे म्हणणे. शेवटी नकाशावर फिरणारे बोट कोचीच्या किंचित वर थांबले. तेथे किनाऱ्याला समांतर, एखाद्या लांबट शेंगेसारखे एक बेट होते. नाव वैपिन.

एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नारळीच्या सावलीतले संथ पाणी, ज्याला केरळात कायल म्हणतात. मधे हे सुमारे २७ किलोमीटर लांबीचे आणि कोठे दोन-तीन किलोमीटर, तर कोठे हाकेच्या अंतराएवढेच रुंद बेट. अशा बेटाला भूगोलात बॅरिअर आयलंड म्हणतात. समुद्राच्या लाटा आणि आतली जमीन यांच्यामध्ये ते पहारेकऱ्यासारखे आडवे पडलेले असते. लाटांचा मार ते स्वतः खाते आणि आतले पाणी शांत राहते. म्हणूनच सुटीसाठी हे ठिकाण सोयीचे. सकाळी लाटांमध्ये खेळावे आणि पाच मिनिटे चालून पलीकडच्या आरशासारख्या पाण्यात होडी वल्हवावी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण निघालो. सासूबाई, आम्ही दोघे, नववीतून दहावीत गेलेली लेक आणि दहा वर्षांचा धाकटा.

बोटीने प्रवेश

एर्नाकुळमहून वैपिनला रस्त्याने जाता येते, पण मुले बरोबर असतील तर पाण्यावरूनच जावे. हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून २०२३ सालच्या एप्रिलमध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो सुटते. या बोटी विजेवर चालतात. धूर नाही, धडधड नाही. डावी-उजवीकडे बोळगाट्टी आणि वल्लारपाडम ही बेटे सरकत जातात. मालाच्या पेट्या उचलणाऱ्या अजस्र क्रेन पाहताना धाकट्याने तोंड उघडले ते वैपिनचा धक्का येईपर्यंत मिटले नाही.

आज ही गंमत वाटते. पण २००४ सालापर्यंत वैपिनच्या लोकांना शहरात जाण्यासाठी बोटीवाचून गत्यंतर नव्हते. आजारी माणूस असो, बाळंतीण असो, धक्क्यावर येऊन बोटीची वाट पाहायची. बेटावरच्या लोकांनी अनेक वर्षे मागणी लावून धरली, आंदोलने केली, तेव्हा गोश्री पूल म्हणून ओळखले जाणारे तीन पूल झाले. दक्षिण टोकावरून फोर्ट कोचीला माणसे आणि मोटारी घेऊन जाणारी मोठी तराफाबोटही आहे. धक्क्याच्या आसपास चिनी जाळी दिसतात. लाकडी खांबांच्या चौकटीला बांधलेले भले मोठे जाळे पाण्यात उतरवतात आणि दगडांच्या भाराने पुन्हा वर खेचतात. चार-सहा माणसांचे ते काम. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली असे कोणी म्हणतात, तर पोर्तुगिजांनी मकाव बंदरातून आणली असे कोणी. मासळी मात्र ती आजही पकडतात.

धक्क्यावरून बसने तासाभरात चेराई आले. आम्ही एका घरगुती निवासात उतरलो. घरमालकिणीला सगळे चेची, म्हणजे थोरली बहीण म्हणत. तिचे यजमान आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर काम केलेले. त्यांना सगळे चेट्टन, म्हणजे दादा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मोडके हिंदी, थोडे इंग्रजी आणि पुष्कळसे हातवारे यांवर आमचे छान जमले.

आजींचे गणित चुकले

पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी मनातल्या मनात तिथी काढली, तिला तिनाने गुणले, चाराने भागले आणि भरतीची वेळ जाहीर केली. कोकणातले हे जुने गणित. पण त्या वेळी किनाऱ्यावर जाऊन पाहतो तो पाणी जेमतेम हातभर चढलेले.

“हा कसला समुद्र? ह्याला भरतीच येत नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. कोचीला हा फरक एक मीटरच्या आतच असतो. शिवाय दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या नसतात, एक मोठी तर एक छोटी. आणि अशी बेटे येथे आहेत, आपल्या खडकाळ कोकणात नाहीत, याचे एक कारण यातच आहे. जेथे भरती-ओहोटीचा जोर मोठा, तेथे पाणी आत-बाहेर धावताना वाळूचा बांध फोडून टाकते. जेथे हा जोर कमी आणि लाटा व नद्या वाळू आणून टाकणाऱ्या, तेथे किनाऱ्यासमोर लांबच लांब बांध तयार होतो.

वैपिनच्या बाबतीत ही नदी म्हणजे पेरियार. १३४१ साली तिला प्रचंड पूर आला. उत्तरेकडचे प्राचीन मुझिरिस बंदर गाळाने भरले आणि दक्षिणेला कोचीचे मुख मोठे होऊन नवे बंदर उदयाला आले. वैपिनला आजचे रूप त्या पुराने दिले असे परंपरा सांगते. बेटाच्या दक्षिणेकडील भागाचे नावच पुतुवैप्प, म्हणजे नव्याने पडलेली जमीन. तेव्हापासून पुतुवैप्प नावाची कालगणनाही सुरू झाली. बेटाच्या जन्माची कालगणना असावी, ही कल्पना मुलांना फार आवडली.

मी निवडलेली जागा

आता जे घडले ते सांगते. सांगताना संकोच वाटतो, पण वाचणाऱ्या आईबापांच्या उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेराईच्या मुख्य किनाऱ्यावर बरीच गर्दी होती. तेथे जीवरक्षक असतात, कोठे उतरावे हे सांगतात. पण मला निवांतपणा हवा होता. म्हणून आम्ही वाळूवरून उत्तरेकडे अर्धा तास चालत गेलो. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस उसळत होता आणि मधे दहा-बारा पावलांच्या रुंदीचा पट्टा अगदी शांत दिसत होता. पाणी थोडे गडद, पण लाट अशी नाहीच.

“येथे उतरा, येथे समुद्र शांत आहे,” असे मीच म्हणाले.

लेक तलावात पोहायला शिकलेली. शाळेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेली. ती कमरेएवढ्या पाण्यात गेली, हसत मागे वळली, आणि पुढच्या क्षणी तिच्या आणि आमच्यामधले अंतर वाढू लागले. ती हात मारत होती, आमच्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहत होती आणि तरीही दूर जात होती. हे कपड्यांनिशी आत धावले. तेवढ्यात जाळे विणत बसलेला एक कोळी ओरडत पुढे आला. त्याने ह्यांचा दंड धरून त्यांना थांबवले आणि लेकीला दोन्ही हातांनी मोठ्या खुणा करू लागला. आमच्याकडे नको, बाजूला, बाजूला!

लेकीला ती खूण कळली हे आमचे नशीब. ती थांबली, उताणी होऊन तरंगली आणि मग किनाऱ्याला समांतर हात मारू लागली. पंधरा-वीस हात बाजूला सरकली आणि ओढ संपली. फुटणाऱ्या लाटांनीच तिला ढकलत वाळूवर आणून सोडले. सगळे मिळून चार-पाच मिनिटांचे काम असेल. ती थरथरत होती. सासूबाईंनी पदराने तिचे डोके पुसले. मला कोणी काही बोलले नाही, आणि तेच अधिक लागले.

संध्याकाळी चेट्टन आम्हा सर्वांना किनाऱ्यावर घेऊन गेले. त्यांनी नारळाची एक सोडणे उचलली आणि फेसाळत्या लाटेत फेकली. ती हेलकावत परत आली. दुसरी त्यांनी शांत दिसणाऱ्या गडद पट्ट्यात फेकली. ती पाहता पाहता सरळ समुद्रात निघून गेली. मुलांचे डोळे विस्फारले. माझेही.

लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटत असतात. त्या पाण्याला परत जायला वाट हवी. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात जेथे खाच असते, तेथून ते जोराने मागे फिरते. तेथे खोली जास्त असल्यामुळे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसते. म्हणजे आपल्यासारख्या परक्या माणसाला जी जागा सर्वांत निर्धोक वाटते, तीच नेमकी धोक्याची. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, दूर नेतो, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे जाऊन त्याचा जोर संपतो. त्याच्याशी झुंजणारा दमतो आणि बुडतो तो दमल्यामुळे. म्हणून घाबरू नये, तरंगावे, हात वर करून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर सरकावे आणि मग लाटांबरोबर परतावे. किनाऱ्यावरच्यांनी भावनेच्या भरात आत उडी घेऊ नये. रिकामा प्लास्टिकचा डबा, टायरची ट्यूब, दोरी असे काहीतरी तरंगणारे आधी फेकावे आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

चेट्टननी आम्हाला नियम घालून दिला. पाण्यात पाय टाकण्याआधी दहा मिनिटे वाळूवर बसायचे आणि नुसते पाहायचे. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, पाणी कोणीकडे सरकते. मग जीवरक्षकाला विचारायचे. आणि मग उतरायचे. पुढचे सगळे दिवस आमची सुटी या नियमावर चालली, आणि खरे सांगते, त्यामुळे ती अधिक रंगली.

पहाट समुद्राची, सकाळ कायलची

एप्रिल-मेमध्ये वैपिनवर दुपारी अंगाची लाही होते. तापमान नागपूरच्या मानाने काहीच नाही, बत्तीस-चौतीस अंश. पण दमटपणा असा की पंख्याखालीही घाम निथळतो. म्हणून दिवस पहाटे सुरू करावा.

उजाडता उजाडता किनाऱ्यावर चालायला जावे. ओल्या वाळूवर खेकड्यांनी रात्रभर काढलेली गोळ्यांची रांगोळी दिसते. शिंपले गोळा करावेत, पण आत जीव असलेला शिंपला परत पाण्यात सोडावा. समुद्र संथ असेल तर डॉल्फिनची पाठही दिसते. आम्हाला चौथ्या दिवशी दिसली, तीन करड्या पाठी, एकामागून एक. धाकट्याने मोजल्या सात. आम्ही वाद घातला नाही.

ऊन वर येण्याआधी कायलकडे वळावे. चेराईला समुद्र आणि कायल यांच्यामध्ये काही ठिकाणी एका रस्त्याचेच अंतर आहे. वल्हवायच्या छोट्या नावा, म्हणजे कयाक, तेथे भाड्याने मिळतात. पाणी संथ असले तरी जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे, पोहता येणाऱ्यानेही. आदल्या दिवशीच्या प्रसंगाने भ्यालेली लेक आधी नको म्हणाली. मग धाकट्याला पुढे बसवून स्वतः वल्हे घेतले. तासाभराने परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. अशा बेटाचा हा मोठा गुण. एका पाण्याने घाबरवले तर दुसरे समजूत काढते.

सायकलवरून बेटाच्या टोकापर्यंत

बेट सपाट असल्यामुळे सायकलसाठी उत्तम. मुख्य रस्त्यावर मात्र खासगी बस वाऱ्याच्या वेगाने धावतात, म्हणून मुलांना घेऊन किनाऱ्याकडच्या आणि शेतांमधल्या आतल्या वाटा धराव्यात. दोन सकाळी आम्ही सायकलींवर घालवल्या. सासूबाई रिक्षातून मागून यायच्या आणि आमच्या आधी पोहोचायच्या.

उत्तरेला पळ्ळिप्पुरमचा किल्ला आहे. १५०३ साली पोर्तुगिजांनी बांधलेली ही षट्कोनी वास्तू भारतात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या युरोपीय किल्ल्यांपैकी एक मानली जाते. पुढे ती डचांकडे गेली आणि १७८९ साली त्यांनी ती त्रावणकोरच्या राजाला विकली. आपले सिंहगड-रायगड डोळ्यांत भरलेल्या मराठी माणसाला हा किल्ला अंगणाएवढा वाटतो. पण सासूबाई भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, “अगो, हा तर आमचा चिरा!” खरेच, तोच जांभा दगड आणि चुना. किनारपट्टी एकच, याची खूण.

तेथून पुढे मुनंबम, बेटाचे उत्तर टोक. येथे पेरियारची एक शाखा समुद्राला मिळते आणि मासेमारीचे मोठे बंदर आहे. पहाटे गेलात तर बोटी रिकाम्या होताना, मासळीचा लिलाव चालताना पाहायला मिळेल. लोकांच्या कामात लुडबूड करू नये, ओल्या फरशीवर मुलांचा हात सोडू नये. एप्रिल-मेमध्ये येथे विशेष लगबग असते. केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत, ५२ दिवस, ट्रॉलर बोटींना बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्याआधी जमेल तेवढी कमाई करून ठेवायची असते.

खाऱ्या पाण्यातला भात

सायकलवरून जाताना मुलांना सर्वांत नवल वाटले ते पोक्काळी शेतांचे. कायलच्या कडेची ही खाजण जमीन. जूनमध्ये पावसाने मीठ धुऊन निघाले की येथे खारे पाणी सोसणारा पोक्काळी जातीचा उंच भात लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होते. मग समुद्राचे पाणी आत घेऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याच शेतात कोळंबी. भाताची धसकटे कोळंबीचे खाद्य होतात, कोळंबीची घाण भाताचे खत. खत विकत आणायचे नाही, फवारणी करायची नाही. या भाताला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

कोळंबी धरण्याची रीत चेचीने सांगितली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीला शेताच्या बांधातली फळी उघडतात आणि रात्री तेथे दिवा टांगतात. उजेडाला भुलून कोळंबी पाण्याबरोबर आत येते. ओहोटीला पाणी बाहेर सोडताना त्याच वाटेवर निमुळते जाळे लावतात. म्हणजे इथला शेतकरीही चंद्राकडे पाहून कामाला लागतो. विषूच्या सणाच्या आसपास हंगाम संपतो, तेव्हा उरलेली मासळी गावकऱ्यांना धरू देण्याची प्रथा आहे. लहानथोर चिखलात उतरतात. आम्ही दोन आठवडे उशिरा पोहोचलो. ज्यांना सुटी लवकर मिळते त्यांनी हा मुहूर्त साधावा. मेमध्ये शेते सुकवून पुढच्या पेरणीची तयारी चालते. तेव्हा बांधावर बगळे, पाणकावळे, खंड्या आणि ब्राह्मणी घार यांची गर्दी असते. घरात दुर्बीण असेल तर अवश्य न्यावी.

गळ टाकून बसायची हौस असेल तर न्यारक्कलला मत्स्यफेड या सहकारी संस्थेचे मत्स्यशेत आहे. तेथे गळाने मासे धरता येतात, पायाने चालवायच्या होडीत फिरता येते आणि दुपारी ताज्या मासळीचे जेवण मिळते. ह्यांनी दोन तास गळ धरून एक बोटभर मासा पकडला. त्याचे वर्णन नागपूरला पोहोचेपर्यंत वीतभर झाले होते.

उंचावरून बेट

पुतुवैप्पचे दीपगृह चुकवू नये. पूर्वी फोर्ट कोचीला असलेला दिवा १९७९ साली या सुमारे ४६ मीटर उंच मनोऱ्यावर आला. प्रवेश सहसा दुपारनंतर ठरावीक वेळेतच असतो, म्हणून आधी चौकशी करावी. वर गेल्यावर बेटाचा अर्थ एका नजरेत कळतो. पश्चिमेला पांढऱ्या लाटांची रेघ, पूर्वेला हिरवट स्थिर पाणी, आणि मधे नारळांची दाटी आणि घरांचे पत्रे-कौले. एवढ्याशा वाळूवर एवढी माणसे!

ही वाळू हलती आहे हेही तेथूनच उमगते. एडवनक्काडच्या बाजूला समुद्र घरांच्या अगदी जवळ आला आहे. काही ठिकाणी दगडी बांध आहेत, पण लाटा त्यांवरूनही येतात. २००४ सालच्या त्सुनामीत या गावाने माणसे गमावली. २०२१ सालच्या तौक्ते वादळातही या किनाऱ्याला फटका बसला. आणि वादळ नसतानाही, एप्रिल-मेच्या निरभ्र दिवशी, कधी कधी समुद्र अचानक फुगून गावात शिरतो. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा दिवसांमागून दिवस प्रवास करून येथे थडकतात. वारा नाही, ढग नाही. मलयाळममध्ये त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. आता हैदराबादची महासागर माहिती संस्था याचा आगाऊ इशारा देते. असा इशारा असेल तर किनाऱ्यावर जाऊच नये. पर्यटकाचा एक दिवस फुकट जातो एवढेच. तेथे राहणाऱ्यांना मात्र त्या रात्री अंथरुणे माळ्यावर टाकावी लागतात.

आपल्या भाषेचा ओलावा

चेराईच्या वराह मंदिराजवळ आम्हाला एक सुखद धक्का बसला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे या किनाऱ्यावर वसली. त्यांचे हे देऊळ. देवळाबाहेर एक आजोबा नातीला “उदक हाड गो” असे म्हणाले आणि सासूबाई जागीच थबकल्या. पुढची अर्धी घटका दोघे कोकणी-मराठीच्या सरमिसळीत आमटीला फोडणी कशाची यावर बोलत होते. पाच शतके झाली, पण पाण्याला ते अजून उदकच म्हणतात.

याच चेराईत १९१७ सालच्या मे महिन्यात सहोदरन अय्यप्पन यांनी, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बरोबर घेऊन, सर्वांना एका पंक्तीला जेवायला बसवले होते. त्याबद्दल समाजाने त्यांना वाळीत टाकले. पुढे तेच कोची संस्थानचे मंत्री झाले. गावात त्यांचे स्मारक आहे. संध्याकाळी फिरायला जाताना मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

शेवटच्या पहाटे लेक एकटीच वाळूवर बसलेली दिसली. हातात नारळाची सोडणे होती. ती फेकून ती बराच वेळ पाहत राहिली. मग उठून थोडी दक्षिणेला गेली, पुन्हा एक फेकली, पुन्हा बसली. मी जवळ गेले तशी म्हणाली, “आई, आज इथे नको. ओढ आहे. पुढे जाऊन जीवरक्षकाला विचारू.” आम्ही विचारले. त्याने बोट दाखवले तेथे उतरलो आणि मनसोक्त भिजलो. ह्या वेळी सासूबाईसुद्धा गुडघाभर पाण्यात आल्या होत्या, नऊवारी सावरत.

जाण्यापूर्वी

मुंबई-पनवेलकडून कोकण रेल्वेच्या मार्गाने नेत्रावती एक्स्प्रेस आणि मंगला एक्स्प्रेस एर्नाकुळमला जातात. सुटीतली आरक्षणे फार आधी करावीत. विमानाने गेल्यास नेडुंबाश्शेरीचा विमानतळ चेराईहून रस्त्याने साधारण तासाभरावर आहे.

एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य हा काळ चांगला. मे सरता सरता संध्याकाळी विजांचा पाऊस वाढतो. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून आणि मोकळ्या वाळूवरून लगेच घरात यावे. १ जूनच्या सुमारास मोसमी पाऊस केरळात पोहोचतो आणि मग पोहण्याचे नावही काढू नये.

सुती कपडे, टोपी, साखर-मिठाचे पाणी आणि वाळूत चालतील अशा चपला बरोबर असाव्यात. समुद्रस्नान जीवरक्षक असलेल्या जागीच, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावे. शाकाहारी मंडळींची अडचण होत नाही. पुट्टू-कडला, अप्पम आणि भाज्यांचा रस्सा, केळीचे काप सर्वत्र मिळतात. मासे खाणाऱ्यांनी केळीच्या पानात भाजलेला करिमीन आणि कप्पा, म्हणजे उकडलेल्या कंदाबरोबर माशाची आमटी खाऊन पाहावी. आणि प्लास्टिकचा कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा.